एआयच्या सीटसाठी बांधी विकू नका

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की सिंदेवाही, नागभीड, मूलकडून एकच प्रश्न येतो : "सर, पोराला एआयलाच घालायचं आहे. नागपूरला खासगीत सीट मिळते, थोडी जमीन काढावी लागेल. घेऊ का?" घेऊ नका. शाखेच्या नावात एआय आहे एवढ्यासाठी धानाची बांधी विकणं हा शुद्ध वेडेपणा आहे. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकीत जागा मिळाली तर घ्या. बीएस्सी, बीसीए, पॉलिटेक्निक हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच.

मला सुचवायचं आहे ते काम कुणी विचारतच नाही. सॉफ्टवेअर कुणाचं, ते कुठल्या अटीवर वाटलं, त्याला जोडलेला भाग बंद ठेवता येतो का, हे तपासणाऱ्या माणसाचं काम.

या भागाला हा प्रश्न नवा नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये शेतातल्या वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि निवड करत करत एचएमटी धान तयार केलं. बियाणं गावोगाव गेलं. पुढे कृषी विद्यापीठाने त्याचंच शुद्ध केलेलं वाण पीकेव्ही-एचएमटी नावाने आणलं, आणि आपल्याला श्रेय मिळालं नाही ही दादाजींची तक्रार राहिली. बियाणं देताना अट लिहिलेला कागद नव्हता. शेतकऱ्याने तयार केलेल्या वाणावर त्याचा हक्क मानणारा कायदा 2001 मध्ये आला.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मात्र 1992 पासून अटीसकट वाटला जातो. त्याचं लायसन्स जीपीएल, आवृत्ती 2. वापरा, बदला, विका. पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर सोर्स कोडही द्या. कंपन्या त्याला स्वतःची बंद मॉड्यूल जोडतात, आणि खरी गंमत तिथे आहे. प्रत्येक मॉड्यूलमध्ये लायसन्स सांगणारी एक ओळ असते. तिथे 'प्रोप्रायटरी' लिहिलं की कर्नल स्वतःवर 'टेंटेड' (डागाळलेला) असा शिक्का मारून घेतो, आणि फक्त जीपीएलवाल्यांसाठी राखलेली फंक्शन्स त्या मॉड्यूलला मिळत नाहीत. असं मॉड्यूल कर्नलचीच सुधारित प्रत धरायची की वेगळी वस्तू, यावर वकील आजही भांडतात. एनव्हिडियाने ग्राफिक्स ड्रायव्हर वर्षानुवर्षं बंद ठेवला. मे 2022 मध्ये त्याच्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला. ड्रायव्हरचा कर्नलबाहेरचा भाग बंदच राहिला.

तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडचंही तसंच. पाया खुला, पण प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस गूगलच्या मालकीच्या, कराराने मिळणाऱ्या. त्या करारांच्या अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला. सुरुवातीची तक्रार तीन तरुणांनी केली होती. त्यांतला एक कायद्याचा विद्यार्थी होता. हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावं.

अशा तपासणीची कामं पुण्या-बंगळुरूत आहेत. मोटार, टीव्ही, राउटर बनवणाऱ्याला आत कुठला कोड कुठल्या लायसन्सचा आहे याची यादी ठेवावी लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनेही 2024 मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची अशी यादी कशी करायची याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. कोडिंगच्या तुलनेत जागा कमी, सुरुवातीचा पगार बेताचा, हेही ऐकून ठेवा. रस्ता स्वस्त आहे : कुठलीही पदवी आणि तीन वर्षांचं एलएलबी, किंवा बारावीनंतर पाच वर्षांचं. विधी महाविद्यालय चंद्रपूरलाही आहे. विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी असेल तर पेटंट एजंटची परीक्षा एलएलबीशिवायही देता येते.

आता पालकांना स्पष्ट सांगतो. माझ्यासमोर प्रश्न बाप विचारतो, उत्तर आई देते, मुलगा गप्प. चार वर्षं वर्गात बसायचं त्याला आहे. त्याला बोलू द्या. शेजारच्याचं पोरगं पुण्यात काय कमावतं हे इथे गैरलागू आहे. आणि एआयचा हट्ट सोडून आता लायसन्सचा हट्ट धरू नका.

मुलाने फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'खाली कायदेशीर माहिती उघडावी. ओपन सोर्स लायसन्सची लांबलचक यादी दिसेल. एमआयटी लायसन्स काही परिच्छेदांचं, जीपीएल काही पानांचं. दोन्ही वाचून कोण काय करू शकतो आणि काय करायला बांधील आहे, हे मराठीत एका पानावर लिहावं. कंटाळला तर हा विषय सोडा. प्रश्न घेऊन आला, तर प्रवेशाच्या फॉर्मबद्दल बोलू.