वालाचे शास्त्र आणि शास्त्रज्ञ मुलींची वाट

भाताची कापणी उरकली की खाचरातील उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची रीत कर्जत तालुक्यात जुनी आहे. कळंबच्या परिसरातील घरांत हे वाल भिजत घालून, मोड आणून, सोलून व चांगले शिजवून त्यांचे बिरडे केले जाते. कच्चे वाल पोटास बाधतात हे प्रत्येक गृहिणी जाणते. याचे एक महत्त्वाचे कारण असे की, वालात पचनास अडथळा करणारे एक द्रव्य असते. आतड्यातील ज्या पाचक रसाने प्रथिनांचे विघटन होते, त्या रसाचे कार्य हे द्रव्य रोखून धरते. उष्णतेने त्याचा प्रभाव बराच नाहीसा होतो. म्हणूनच वाल नीट शिजविल्याने त्यातील प्रथिने अंगी लागतात.

हे द्रव्य वालातून स्फटिकरूपात वेगळे काढल्याचा शोधनिबंध १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. एका सहसंशोधकासह तो लिहिणाऱ्या विदुषी म्हणजे मुंबईच्या विज्ञान संस्थेतील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी होत. कर्जतच्या खाचरातील पिकाचे हे शास्त्र ज्या स्त्रीने उलगडले, तिला एके काळी प्रयोगशाळेच्या दारातूनच परत पाठविण्यात आले होते.

प्रवेशासाठी सत्याग्रह

कमलाबाई या लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतल्यावर त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. सर चंद्रशेखर व्यंकट रामन तेव्हा त्या संस्थेचे संचालक होते. मुलगी असल्याच्या कारणावरून अर्ज नाकारला गेला. कमलाबाईंनी माघार न घेता तेथे जाऊन सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, तो अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करणे त्यांना बंधनकारक होते.

मार्गदर्शक श्री. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून पुढे त्या संस्थेने इतर मुलींनाही प्रवेश दिला. त्यानंतर केंब्रिजला जाऊन १९३९ साली त्यांनी पीएच.डी. संपादन केली. दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथे त्यांनी अध्यापन व संशोधन केले. कडधान्यांप्रमाणेच नीरेच्या पोषणमूल्यांवरील त्यांचे कामही मोलाचे ठरले.

या चरित्रातून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ प्रवेश मिळाल्याने शास्त्रज्ञ तयार होत नाही. जाणता मार्गदर्शक, पुढील शिक्षणासाठी साहाय्य, आणि शिकून आल्यावर काम करण्यास जागा, या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक मिळाव्या लागतात. त्यांतील एक चुकली तरी आधीचे श्रम वाया जाण्याचा धोका असतो.

वाट कोठे तुटते

आज प्रवेशाचे दार उघडे आहे. कृषी महाविद्यालयांत मुली शिकत आहेत. अडचण आता पुढे येते, आणि ती भातपैदाशीच्या उदाहरणाने चांगली समजते. कर्जत येथील भात संशोधन केंद्राने ‘कर्जत’ नावाच्या अनेक जाती आणि ‘सह्याद्री’ हे संकरित भात शेतकऱ्यांना दिले. अशी जात सिद्ध होण्यास फार कष्ट पडतात. संकर करताना मादी म्हणून निवडलेल्या लोंबीतील प्रत्येक फुलातून सहा पुंकेसर चिमट्याने अलगद काढावे लागतात. नंतर दुसऱ्या जातीचे पराग त्यावर घालतात. पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड आणि ठिकठिकाणी चाचण्या. या साऱ्यास सुमारे दहा वर्षे लागतात.

शास्त्रज्ञ घडण्यासही जवळजवळ तितकाच काळ लागतो. बारावीनंतर कृषी पदवीची चार वर्षे, पदव्युत्तर पदवीची दोन आणि पीएच.डी.ची किमान तीन वर्षे धरली, तर मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होते. हाच काळ लग्नाचा व पहिल्या बाळंतपणाचा. घरात कोणी वाईट चिंतीत नाही, तरी ‘आता पुरे’ असे म्हटले जाते. आवण खणून बांधावर ठेवावे आणि लावणी न करताच निघून जावे, तशी ही गत होते. मुलीचे श्रम जातातच. शिवाय ज्या शेतकऱ्यास तिच्या ज्ञानाचा उपयोग झाला असता, त्याचेही नुकसान होते. भाताची लावणी बहुतांशी स्त्रियाच करतात. त्यांच्या कामातील अडचणी ओळखून त्यावर संशोधन करणाऱ्या स्त्रिया प्रयोगशाळेत असणे, हे शेतीच्याच हिताचे आहे.

उपलब्ध सवलती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील माहिती पालकांना समजावून द्यावी.

१. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी ही सवलत आहे. अनुसूचित जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीची व्यवस्था निराळी आहे. ठाकूर व कातकरी वाड्यांवर ती माहिती अगत्याने पोहोचवावी.

२. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आणि अभ्यासक्रमाच्या कमाल मुदतीत २ वर्षांची सूट दिली. बाळंतपण आले म्हणून शिक्षण सोडावे लागते, हा समज चुकीचा आहे.

३. घरच्या जबाबदारीमुळे कामात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला शास्त्रज्ञ योजना सुरू केली. पुढे हे काम ‘वाइज-किरण’ या नावाखाली एकत्र आले. खंड पडला तरी परतीची वाट आहे, हे सासर-माहेर दोन्हीकडे कळले पाहिजे.

अर्जापूर्वी चालू वर्षाचे नियम व मुदत यांची खात्री करून घ्यावी. उत्पन्नाचे व जातीचे दाखले, तसेच जात-वैधता प्रमाणपत्र वेळेवर न मिळाल्याने प्रवेश अडू शकतो. म्हणून मुलगी अकरावीत असतानाच ही कागदपत्रे मार्गी लावावीत.

गावाने काय करावे

कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थिनी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावोगावी येतात. लोक त्यांना ‘कृषिकन्या’ म्हणतात. त्यांचे स्वागत, छायाचित्र व आभार एवढ्यावरच कार्यक्रम संपू नये. त्यांना प्रत्यक्ष प्रयोग करण्यास जागा द्यावी. उदाहरणार्थ, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी टाकावे. तरंगणारे पोल बी काढून टाकावे. तळाशी बसलेले बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. शेतकऱ्याने आपल्या राबातील एक वाफा या बियाण्यासाठी व एक वाफा साध्या बियाण्यासाठी द्यावा. उगवलेल्या रोपांची मोजदाद विद्यार्थिनीने ठेवावी आणि लावणीच्या वेळी शेतकऱ्यांच्या बैठकीत तिनेच ती वाचून दाखवावी. प्रश्न तिलाच विचारावेत. तिच्याबरोबर आलेल्या पुरुष सहकाऱ्यास नव्हे. बारीक निरीक्षण, चोख नोंद आणि चारचौघांत दिलेले उत्तर, हेच संशोधकाचे पहिले शिक्षण होय.

त्या बैठकीस गावातील आठवी ते दहावीच्या मुलींना बोलवावे. भातलावणीच्या दिवसांत मुलींची शाळा बुडणार नाही, याकडे पालकांनी लक्ष द्यावे. लग्नाची बोलणी करताना शिक्षण पुरे करण्याची गोष्ट दोन्ही घरांनी आधीच ठरवून घ्यावी. नोकरी करणाऱ्या सुनेस प्रशिक्षणासाठी परगावी जावे लागल्यास काही आठवडे मूल सांभाळण्याची तयारी घरातील वडीलधाऱ्यांनी ठेवावी. बढतीसाठी लागणारी पुष्कळशी प्रशिक्षणे अशीच घराबाहेर राहून पुरी करावी लागतात, आणि त्या वेळी शासनाच्या योजनेपेक्षा आजीचा आधार अधिक उपयोगी पडतो.

१९३३ साली एका मुलीला एकटीने सत्याग्रह करावा लागला. तिच्या मागे शिकलेले घर होते. कळंब परिसरातील वाडीवरच्या मुलीच्या मागे असे घर असेलच असे नाही. तेथे शिक्षक, गावपातळीवरील कार्यकर्ते व शेजारचे शेतकरी यांनी ते स्थान घ्यावयाचे आहे. येत्या हंगामात राब भाजण्यापूर्वीच प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील बारावी विज्ञान शाखेतील मुलींची यादी करावी आणि त्यांच्या पालकांस भेटून या सवलती समजावून सांगाव्यात.