मनाचा मालक कोण?
‘द मांचुरियन कँडिडेट’ ही कादंबरी आणि एका गुप्त प्रकल्पाचे कागद

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या गावाकडे एखादा धडधाकट माणूस एकाएकी विचित्र वागू लागला, की बायाबापड्या कुजबुजतात, “त्याच्यावर कुणीतरी करणी केलीय.” करणी, भानामती, वशीकरण हे शब्द ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. महाविद्यालयात आल्यावर वाटले, आता या शब्दांचा आणि आपला संबंध संपला. परंतु गेल्या वर्षी इंग्रजी विभागाने ‘द मांचुरियन कँडिडेट’ हा १९६२ सालचा अमेरिकन चित्रपट दाखवला आणि तीच करणी मला डॉक्टरचा पांढरा कोट घालून भेटली. चित्रपट पाहून मी ग्रंथालयातून मूळ कादंबरी घेतली. शेजारी शब्दकोश ठेवून ती वाचायला मला दीड महिना लागला. वाचून झाल्यावर मी सरांना विचारले, “सर, असे खरेच करता येते का?” सर म्हणाले, “ते तूच शोधून काढ आणि नियतकालिकासाठी लिही.” प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा वृत्तांत आहे.

कादंबरीतील गोष्ट

रिचर्ड काँडन यांची ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला राजकीय थरारकथा म्हणतात. पण माझ्या मते तिचा पाया विज्ञानकथेचा आहे. कारण जे तंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हते, ते आहे असे गृहीत धरूनच तिची सारी इमारत उभी राहते. कोरियाच्या युद्धात अमेरिकन सैनिकांची एक तुकडी शत्रूच्या हाती सापडते. तिला मांचुरियात नेण्यात येते. तेथे येन लो नावाचा मानसतज्ज्ञ अवघ्या काही दिवसांत त्या सैनिकांच्या खऱ्या आठवणी पुसून खोट्या भरतो. रेमंड शॉ हा सार्जंट त्याचे मुख्य हत्यार. जमलेल्या अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक म्हणून रेमंड आपल्याच दोन सोबत्यांना शांतपणे ठार करतो. मायदेशी परतल्यावर मात्र ‘रेमंडने आम्हा सर्वांचे प्राण वाचवले’ एवढेच तुकडीला आठवते आणि त्याला देशातील सर्वोच्च शौर्यपदक मिळते. पुढे त्याला कुणी एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडायला सुचवावे, त्यात चौकटची राणी निघावी, की रेमंड आज्ञा ऐकायला तयार! काम उरकल्यावर त्याला काहीही आठवत नाही.

खरा धक्का पुढे आहे. अमेरिकेत रेमंडची दोरी जिच्या हातात आहे ती त्याची स्वतःची आई असते. तिचा नवरा, म्हणजे रेमंडचा सावत्र बाप, हा सिनेटर आहे आणि ‘सरकारात कम्युनिस्ट घुसले आहेत’ अशी आरोळी ठोकून तो मोठा होतो. हे पात्र सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावरून घेतले आहे, हे त्या काळच्या वाचकाला सांगावे लागले नसेल. सरकारात नक्की किती कम्युनिस्ट आहेत याचा आकडा या गृहस्थाच्या तोंडी रोज बदलतो. शेवटी चित्रपटात तो सॉसच्या बाटलीवरचा ५७ हा आकडा उचलतो. या प्रसंगाला आमचा अख्खा वर्ग हसला. आईचे काम अँजेला लॅन्सबरी यांनी केले आहे. मुलाचे काम करणारे लॉरेन्स हार्वे त्यांच्याहून तीनच वर्षांनी लहान होते, हे पडद्यावर पाहताना खरे वाटत नाही.

भीती कुठून आली?

‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द इंग्रजीत रूढ केला तो एडवर्ड हंटर या पत्रकाराने, १९५० साली. मेंदू धुणे अशा अर्थाच्या चिनी शब्दाचे ते सरळ भाषांतर होते. हंटर हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात काम केलेले गृहस्थ. त्यानंतर लवकरच कोरियात पकडल्या गेलेल्या काही अमेरिकन वैमानिकांनी ‘आम्ही रोगजंतूंचे बाँब टाकले’ असे कबुलीजबाब दिले आणि १९५३च्या युद्धविरामानंतर २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला. आपली माणसे असे वागूच शकत नाहीत. तेव्हा शत्रूजवळ काहीतरी गुप्त विद्या असली पाहिजे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. आमच्या गावातला निष्कर्षही याच वाटेने जातो. माणसाच्या वागण्याचे कारण कळले नाही, किंवा ते मान्य करायचे नसले, की करणी पुढे येते.

सी.आय.ए. या अमेरिकन गुप्तचर संस्थेचे प्रमुख ॲलन डलेस यांनी १० एप्रिल १९५३ रोजी केलेल्या भाषणात शत्रूने मेंदूविरुद्ध पुकारलेल्या युद्धाचे भय दाखवले आणि १३ एप्रिल रोजी, म्हणजे तीनच दिवसांनी, आपल्याच संस्थेच्या एका गुप्त प्रकल्पाला मंजुरी दिली. त्या प्रकल्पाचे सांकेतिक नाव एम.के.अल्ट्रा. प्रमुख होते सिडनी गॉटलिब हे रसायनशास्त्रज्ञ. औषधे, संमोहन, विजेचे झटके, एकांतवास, जे जे सुचेल ते वापरून माणसाच्या मनाचा ताबा घेता येतो का, हे शोधायचे होते.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लॉरेन्स हिंकल आणि हॅरोल्ड वुल्फ या दोन डॉक्टरांनी सी.आय.ए.साठीच याविषयी अभ्यास केला आणि तो १९५६ साली प्रसिद्धही झाला. चीन आणि रशियात कैद्यांवर कोणतीही गूढ विद्या चालवली जात नाही. झोप न देणे, एकटे कोंडणे, तासन्‌तास उभे करणे, तोच कबुलीजबाब पुन्हा पुन्हा लिहून घेणे, या पोलिसांच्या जुन्याच रीती आहेत, असे त्यांना आढळले. म्हणजे भूत नाही, हे घरच्याच वैद्याने सांगितले होते. तरी प्रकल्प थांबला नाही. आणि वुल्फ स्वतः पुढे त्याच पैशाच्या कामात सामील राहिले.

कागद काय सांगतात?

काँडन यांची कादंबरी बाजारात आली तेव्हा हा प्रकल्प सुरू होऊन सहा वर्षे झाली होती. लेखकाने शत्रूच्या प्रयोगशाळेची कल्पना केली, त्या वेळी खऱ्या प्रयोगशाळा त्याच्याच देशात होत्या. त्यांतील तीनच उदाहरणे देतो.

नोव्हेंबर १९५३ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांच्या एका बैठकीत गॉटलिब यांनी काही सहकाऱ्यांच्या पेयात एल.एस.डी. हे भ्रम उत्पन्न करणारे औषध गुपचूप मिसळले. फ्रँक ओल्सन हे त्यांतले एक. त्यांची मनःस्थिती बिघडत गेली आणि नऊ दिवसांनी, २८ नोव्हेंबर रोजी, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या दहाव्या मजल्यावरील खोलीच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. औषधाची गोष्ट त्यांच्या पत्नीला आणि मुलांना १९७५ साली समजली, म्हणजे तब्बल २२ वर्षांनी. तेव्हा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कुटुंबाला बोलावून क्षमा मागितली. तो मृत्यू नेमका कसा झाला, याबद्दल मुलांचे समाधान मात्र कधीच झाले नाही.

दुसरे उदाहरण केंटकी राज्यातील लेक्झिंग्टनचे. तेथे व्यसनी कैद्यांवर प्रयोग होत. सात जणांना ओळीने ७७ दिवस एल.एस.डी. देण्यात आले. ते ‘स्वयंसेवक’ होते, असे कागद सांगतात. आणि मोबदला काय? ज्या मादक द्रव्याचे व्यसन सोडवण्यासाठी ते तेथे ठेवलेले, तेच द्रव्य!

तिसरे उदाहरण कॅनडातील माँट्रियलच्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटचे. डॉ. इवन कॅमेरॉन हे जगन्मान्य मानसोपचारतज्ज्ञ. उदासीनता, चिंता, बाळंतपणानंतरचे दुखणे अशा तक्रारी घेऊन लोक त्यांच्याकडे विश्वासाने येत. कॅमेरॉन त्यांना औषधांनी आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवीत, विजेचे तीव्र झटके देत आणि एकच ध्वनिमुद्रित वाक्य हजारो वेळा कानावर घालीत. जुने मन पुसून नवे लिहायचे, ही त्यांची कल्पना. पुसणे त्यांना काही अंशी साधले. लिहिणे साधले नाही. काही रुग्णांना आपले पूर्वीचे आयुष्यच आठवेना. सी.आय.ए.ने एका संशोधन संस्थेच्या आडून त्यांना पैसे पुरवले होते. रुग्णांपैकी काहींनी, त्यांत एका कॅनेडियन खासदाराच्या पत्नीही होत्या, अमेरिकन सरकारवर दावा लावला. १९८८ साली तडजोड होऊन त्यांना मिळून ७,५०,००० डॉलर मिळाले.

हे सारे उजेडात कसे आले? १९७३ साली सी.आय.ए.चे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी या प्रकल्पाच्या फायली नष्ट करण्याचा हुकूम दिला आणि त्या नष्ट झाल्या. १९७४च्या डिसेंबरात सेमूर हर्श या पत्रकाराने संस्थेच्या बेकायदा कारवायांवर वृत्त दिल्यानंतर सिनेटर फ्रँक चर्च यांची समिती बसली. तरीही पुष्कळसे अंधारातच राहिले असते. परंतु जॉन मार्क्स या लेखकाने माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला आणि १९७७ साली हिशेबाच्या दप्तरात पडून राहिलेली सुमारे २०,००० पाने सापडली. जाळणाऱ्यांनी प्रयोगांच्या फायली शोधल्या. बिले आणि पावत्या मात्र हिशेबनिसाच्या खोक्यांत सुरक्षित राहिल्या. त्यांवरून सिनेटपुढे आलेली माहिती अशी : १४९ उपप्रकल्प, सुमारे ८० संस्था, त्यांपैकी ४४ महाविद्यालये व विद्यापीठे. हा शेवटचा आकडा आपण महाविद्यालयातल्या मंडळींनी विसरू नये.

कादंबरी कुठे चुकली, कुठे बरोबर ठरली?

कादंबरी चुकली ती तंत्राच्या बाबतीत. उपलब्ध कागदपत्रांवरून रेमंड शॉसारखा आज्ञाधारक मारेकरी कुणाला बनवता आला, असे दिसत नाही. वीस वर्षांच्या खटपटीतून मनाची किल्ली हाती लागली नाही. मन मोडता येते, पण हवे तसे घडवता येत नाही, एवढेच सिद्ध झाले.

दुसरी चूक मला अधिक बोचते. कादंबरीतील बळी हा पदकविजेता, श्रीमंत घरचा मुलगा आहे. त्याच्यासाठी मार्को नावाचा मित्र रात्रीचा दिवस करतो. प्रत्यक्षातले बहुतेक बळी कैदी, व्यसनी, मनोरुग्ण होते. त्यांनी तक्रार केली तरी ‘हा तर वेडाच’ म्हणून सोडून देता येईल, अशी ही माणसे. त्यांच्यासाठी कोणी मार्को धावला नाही. एवढे गुप्त काम इतकी वर्षे चालू शकले, त्याचे एक कारण हेच असावे, असे माझ्या अल्पमतीला वाटते.

पण एका बाबतीत काँडन यांची नजर अचूक होती. शत्रूचे भय दाखवणारा आणि तेच कृत्य करणारा एकाच घरात राहू शकतो, हे त्यांनी त्या आईच्या रूपाने दाखवले. १९५३ सालच्या त्या तीन दिवसांकडे पाहिले, की आधी भयाचे भाषण आणि मागोमाग मंजुरी, हा क्रम डोळ्यांत भरतो.

‘प्रयोग फसलाच, मग त्याचे एवढे काय?’ असे एका मित्राने मला विचारले. माझे उत्तर असे, की प्रयोग यशस्वी झाला असता तरी तो तितकाच दोषी ठरला असता. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने नियम घालून दिले. त्यांतला पहिलाच नियम असा, की माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वखुशीची संमती हवी. हा दंडक घालणारे न्यायाधीश अमेरिकनच होते. सहा वर्षांत त्याच देशाने तो गुंडाळून ठेवला.

दुसरा मित्र उलट टोकाला गेला. “म्हणजे आजही सरकार मोबाईलमधून आपली डोकी फिरवत असणार!” त्यालाही मी सांगितले, की एम.के.अल्ट्रा खरे होते हे आपण मानतो ते ऐकीव गोष्टीवरून नव्हे. पावत्या आहेत, साक्षी आहेत, न्यायालयातले दावे आहेत. पुराव्यावाचून मानायचे तर करणी काय वाईट?

सिडनी गॉटलिब यांच्याविषयी आणखी एक गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो. निवृत्तीनंतर हे गृहस्थ पत्नीसह भारतात आले आणि कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात त्यांनी सेवा केली. त्यांना पश्चात्ताप झाला होता का, हे मी कसे सांगणार? पण हा माणूस राक्षस नव्हता, हे समजल्यावर मला अधिक भीती वाटली. राक्षस दुरून ओळखू येतो. देशासाठी करतो आहोत अशी खात्री असलेला, कुणाला जाब देणे नसलेला सुशिक्षित माणूस ओळखू येत नाही.

शेवटी घरची गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात आईचे ऑपरेशन झाले. एक छापील कागद पुढे आला आणि वडिलांनी नेहमीच्या सवयीने अंगठा पुढे केला. मी म्हणालो, “थांबा आबा, मी वाचतो.” कागद आणणारा चिडून म्हणाला, “वाचायला वेळ कुठंय? अंगठा लावा.” ऑपरेशन नीट झाले, आई बरी आहे, डॉक्टरांविषयी माझी काहीही तक्रार नाही. पण त्या दोन मिनिटांत मी तो कागद उभ्या उभ्या वाचला, आबांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला आणि मगच त्यांनी अंगठा लावला. आमच्या घरात कागद वाचू शकणारा मी पहिलाच.

माणसाचे मन चौकटच्या राणीने ताब्यात जात नाही, हे मी या अभ्यासातून शिकलो. ते न विचारता, न सांगता, न वाचू देता घेतलेल्या अंगठ्याने हळूहळू दुसऱ्याच्या स्वाधीन होते. त्यावर उतारा एकच, आणि तो साधा आहे : पुढे आलेला कागद वाचायचा, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचा.