घुंगरातला खडा



कोरगावात काय किंवा पेडण्यातील दुसऱ्या कोणत्याही गावात काय, बैलाच्या गळ्यातील घुंगुरमाळेचा नाद ऐकला नाही असा मनुष्य विरळाच. त्या माळेतील एखादे ओतीव घुंगरू हातात घेऊन नीट न्याहाळा. ते पोकळ आहे; त्याला खाली एक अरुंद चीर आहे; आत एक खडा खुळखुळत आहे. खडा त्या चिरेतून बाहेर येऊ शकत नाही आणि कवचाला जोडही नाही. मग तो आत गेला कसा?

उत्तर ऐकून नवल वाटेल. खडा आत गेलाच नाही. घुंगरूच त्याच्याभोवती घडले!

कारागीर प्रथम खडा ओल्या मातीत गुंडाळून गोळी करतो आणि ती वाळवितो. हा झाला गाभा. त्यावर तो मेणाचे पातळ कवच चढवितो. जेथे चीर हवी तेथले मेण कापून काढतो आणि वरच्या बाजूस मेणाची एक कांडी जोडतो. मग सर्वांवर मातीचे लेप देतो. चिरेच्या जागी आतली व बाहेरची माती एकमेकींस भिडते. त्यामुळे पुढे मेण गेले तरी गाभा जागचा हलत नाही. साचा तापविला की मेण वितळून कांडीच्या वाटेने निघून जाते. त्या रिकाम्या जागेत तापलेला रस ओततात. धातू निवाल्यावर बाहेरची माती फोडतात, चिरेतून आतली माती कोरून काढतात, आणि इतका वेळ कोंडलेला खडा मोकळा होऊन वाजू लागतो.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या साच्याने मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. मातीत कोंड्याची राख, बारीक कापूस व मीठ मिसळावे, लेप एकदम न देता तीन वेळा द्यावेत आणि धातू किती घ्यावा हे मेणाच्या वजनावरून ठरवावे, असे तो सांगतो. यातील गणित तुम्हांलाही करता येईल. मेण पाण्याहून किंचित हलके आणि पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड. म्हणून १०० ग्रॅम मेणाची जागा भरण्यास जवळजवळ ९०० ग्रॅम पितळ लागते. रस मध्येच संपला तर काम फुकट जाते, कारण साच्यातले मेण तर केव्हाच निघून गेलेले असते!

गाभा न ठेवता वस्तू भरीव ओतली तर धातू किती लागतो, याची कल्पना दायमाबादवरून येते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील या गावी १९७४ साली सापडलेला रथ, हत्ती, गेंडा व रेडा ही चार भरीव शिल्पे मिळून ६० किलोग्रॅमहून अधिक भरली.

आता या जुन्या युक्तीचे नवे रूप पाहा. १९९८ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे एका प्लॅस्टिकच्या, अतिसूक्ष्म गोळ्या घेतल्या. एकेक गोळी केसाच्या जाडीच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढी! तेथे चिमटा काय करणार? म्हणून त्यांनी विद्युत्‌भाराचे साहाय्य घेतले. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, हे तुम्ही शिकला आहात. गोळ्यांवर त्यांनी धन व ऋण भाराच्या पदार्थांचे थर आळीपाळीने बसविले. त्या थरांत वाळूच्याच द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे, कण होते. मग सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविताच आतले प्लॅस्टिक जळून गेले आणि सिलिकाची पोकळ गोळी उरली. जळालेला भाग वायुरूपाने कवचातील सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडला. घुंगराच्या चिरेचे काम त्या छिद्रांनी केले. अशा पोकळीत औषध भरून ते शरीरात सावकाश सोडता येईल काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

घरी एक प्रयोग करून पाहा. फुगवलेल्या फुग्यावर खळीने कागदाचे तुकडे तीन-चार थरांत चिकटवा. मात्र फुग्याच्या तोंडापाशी थोडी जागा मोकळी सोडा. थर पुरते वाळल्यावर फुगा फोडा व त्या मोकळ्या जागेतून ओढून काढा. हाती कागदाचा पोकळ गोल येईल. एखाद्याने घाईने ओल्या थरातच फुगा फोडला तर गोल खाली बसेल. आणि वाट ठेवलीच नाही तर फुगा आतच राहील. कवच स्वतःच्या बळावर उभे राहीपर्यंत आधार हवा आणि आधाराला बाहेर पडण्यास वाट हवी, हे दोन्ही नियम कारागिराला व शास्त्रज्ञाला सारखेच लागू आहेत.

पोकळी कोरता येत नाही तेथे ती आधी दुसऱ्या एखाद्या पदार्थाने भरून ठेवावी लागते. मेण जाते, माती जाते, प्लॅस्टिकही जाते. त्यांनी दिलेला आकार तेवढा मागे राहतो. ज्या कारागिराने हे प्रथम ओळखले त्याचे नाव कोठे नोंदलेले नाही. परंतु घुंगरू वाजेल तेव्हा त्याच्या बुद्धीची आठवण ठेवणे आपल्या हाती आहे.