जुन्या मोटारसायकलचे विद्युतभाग : स्वच्छता, दुरुस्ती आणि दक्षता

(एक विद्यार्थी, बी. कॉम. द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने डायनॅमो आणि कॉईलवर लेख लिहावा, हे काही प्राध्यापकांना चमत्कारिक वाटेल. परंतु झीज, घसारा, दुरुस्ती आणि पुनर्मूल्य हे शब्द आम्ही ज्या पुस्तकांत वाचतो, त्यांचा प्रत्यक्ष अर्थ मला गॅरेजमध्येच उमगला. माझे शालेय शिक्षण आदिलाबादला मराठी माध्यमातून झाले. आई बीदरकडची, त्यामुळे कन्नड घरातच कानावर पडले. सुट्टीत मी मामांच्या छोट्या गॅरेजमध्ये हिशेबाची वही लिहितो आणि वही मिटली की हात काळे करून घेतो. तेथे जे शिकलो ते क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आदिलाबाद आणि जुन्या गाड्या

१९५६ पर्यंत आदिलाबाद, बीदर आणि नांदेड हे तिन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. किनवट व राजुरा हे तालुकेही तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत. त्या वर्षी राज्याची तीन भाषांत वाटणी झाली. पुढे २०१४ मध्ये तेलंगणा राज्य झाले आणि २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या, परंतु पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील सोयरिकी तुटल्या नाहीत आणि त्या सोयरिकी सांभाळणाऱ्या मोटारसायकलीही थांबल्या नाहीत.

या गाड्यांची कुंडली पाहिली तर आपल्या मासिकाचे दोन्ही विभाग तीत सापडतात. येझदी ही म्हैसूरची. तेथील आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून प्रथम जावा आणि नंतर येझदी तयार झाली. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. बजाजच्या गाड्या पुण्याजवळच्या आकुर्डीच्या, बुलेट मद्रासची, राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीची. प्लग बहुधा बंगळूरच्या मायकोचा, जी कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात परत आली. पण नव्या गाडीचे यंत्र वेगळे आहे, तिचा भाग जुन्या गाडीला बसत नाही. म्हणून जुन्या गाडीचा जो भाग हाती आहे तोच जपणे भाग पडते.

आमच्याकडची जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिची बारीक धूळ स्विचच्या आत जाऊन बसते आणि पावसाळ्यात त्याच धुळीचा चिखल होतो. पितळी पट्ट्यांवर हिरवा कीट चढतो. उटनूरकडच्या जंगलातील रस्त्यावर किंवा निर्मलच्या घाटात रात्री दिवा मंदावला, तर समोरची विनादिव्याची बैलगाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेहून मध्यरात्री परतणाऱ्या माणसाला दिवा ही चैन नसते.

दिवा मंद का होतो? थोडे गणित

बहुतेक लोक म्हणतात, "बॅटरी गेली." पुष्कळदा बॅटरी निर्दोष असते. जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या. ६ व्होल्ट, ३५ वॅटचा बल्ब सुमारे ५.८ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे पेटलेल्या बल्बचा रोध साधारण १ ओहम. आता स्विचमधील कीट, सैल जोड आणि गंजलेले अर्थ मिळून केवळ ०.२ ओहम रोध वाढला असे समजा. प्रवाह ४.९ अँपिअरवर येतो आणि बल्बपर्यंत ६ ऐवजी ५ व्होल्टच पोचतात. तारेच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या मानाने फार वेगाने घटतो. त्यामुळे सहावा हिस्सा दाब गेला की स्थूलमानाने जवळजवळ निम्मा प्रकाश जातो.

तेवढाच ०.२ ओहम रोध १२ व्होल्टच्या ३५ वॅटच्या दिव्यात आला, तर प्रवाह मुळात निम्मा असल्याने बल्बचा दाब अर्धा-पाऊण व्होल्टच घटतो. ६ व्होल्टच्या गाडीला स्वच्छतेची गरज अधिक का, हे यावरून ध्यानात येईल. शंभर-दीडशे रुपयांचा नवा बल्ब बसवून जे साधत नाही, ते पुष्कळदा पॉलिशपेपरचा तुकडा आणि अर्धा तास यांनी साधते.

काम सुरू करण्यापूर्वी

१. बॅटरी सोडवताना प्रथम अर्थची तार काढावी, नंतर दुसरी. कारण सोपे आहे. अर्थ जोडलेली असताना दुसऱ्या टोकाचा पाना चुकून चौकटीला लागला, तर सारा प्रवाह त्या पान्यातून वाहतो व ठिणग्या उडतात. अर्थ आधी निघाली की प्रवाहाला वाटच राहत नाही. जोडताना क्रम उलट, अर्थ सर्वांत शेवटी. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत धन टोक अर्थला असते. म्हणून रंगावर न जाता तार कोठे जाते ते डोळ्यांनी पाहावे.

२. हातातील अंगठी, कडे व धातूचे घड्याळ काढून ठेवावे.

३. प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधावी. मोबाईलवर फोटो काढणे उत्तमच, पण जुन्या तारांचे रंग उन्हाने उडालेले असतात. फोटोत साऱ्याच तपकिरी दिसतात. चिठ्ठी अशी फसवत नाही.

कशाने स्वच्छ करावे आणि कशाने करू नये

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. आमच्याकडे बहुतेक गॅरेजमध्ये एका पसरट डब्यात पेट्रोल ओतून त्यात सर्व भाग बुडवतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते आणि चार-पाच पावलांवरील बिडीपर्यंतही पोचते. आमच्या ओळखीच्या एका दुकानात असा डबा शेजारी असताना प्लगची ठिणगी तपासली गेली. सोळा वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आज तो काम करतो, पण त्याच्या उजव्या हाताची मूठ पुरी वळत नाही. पन्नास रुपयांच्या सोयीची किंमत त्याने दिली.

म्हणून भागांचे तीन गट करावेत.

पहिला गट धातूच्या आवरणांचा व झाकणांचा. यांवरील वंगणासाठी रॉकेल चालते, पण उघड्या जागी आणि विस्तवापासून दूर. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे.

दुसरा गट स्विच, टर्मिनल व संपर्कबिंदूंचा. प्रथम कोरडा ब्रश, मग बारीक पॉलिशपेपर, शेवटी स्वच्छ कापडावर थोडे स्पिरिट घेऊन पुसणे. स्पिरिटही पेट घेते, हे विसरू नये. टर्मिनल घट्ट बसल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा, म्हणजे पावसाळ्यात कीट धरत नाही.

तिसरा गट वेटोळ्यांचा, म्हणजे आर्मेचर, फील्ड कॉईल आणि मॅग्नेटोच्या कॉईल. यांना ना पेट्रोल, ना स्पिरिट. जुन्या वेटोळ्यांवर लाखेचे लेपण असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. वरून वस्तू चकचकीत दिसते, आतून तारा एकमेकींना भिडतात. येथे मऊ ब्रश आणि कोरडे कापड पुरे. दमट झालेले वेटोळे दिवसभर उन्हात ठेवावे. शेगडीवर भाजू नये.

पूर्वी कार्बन टेट्राक्लोराईड हे द्रव सर्रास वापरत, कारण ते पेटत नाही. पण त्याची वाफ यकृताला व मूत्रपिंडाला घातक आहे. जुन्या दुकानात त्याची बाटली दिसली, तर तिला हात लावू नये.

पॉईंट, कंडेन्सर आणि डायनॅमो

पॉईंट मिटलेले असताना कॉईलच्या पहिल्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो व चुंबकक्षेत्र तयार होते. पॉईंट उघडताच ते क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी पडते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. पॉईंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडू नये म्हणून कंडेन्सर असतो. पॉईंट वारंवार जळून काळे पडत असतील, तर ते घासत बसण्यापेक्षा कंडेन्सर बदलावा. रोग तेथे आहे.

पॉईंट बारीक कानसीने सपाट करावेत आणि त्यांवर तेलाचा अंशही राहू देऊ नये. अंतर जावा-येझदीत ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. प्रत्येक गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि पट्टीने मोजावा. "अंदाजाने पोस्टकार्डाएवढे" ही रीत सोडून द्यावी.

डायनॅमोच्या कम्युटेटरवर तांब्याच्या पट्ट्या असतात व दोन पट्ट्यांमध्ये अभ्रक. पट्ट्या बारीक काचकागदाने पुसाव्यात. एमरीचा कागद वापरू नये, त्याचे कठीण कण तांब्यात व ब्रशमध्ये रुततात आणि पुढे ओरखडे पाडतात. तांबे झिजून अभ्रक वर आले असेल, तर कार्बनचे ब्रश त्यावर उड्या मारतात आणि चार्जिंग तुटक होते. अशा वेळी हॅक्सॉ ब्लेडच्या घासून पातळ केलेल्या तुकड्याने अभ्रक किंचित खाली घ्यावे व खाचेतील चुरा झाडून टाकावा. ब्रश आपल्या घरात मोकळे सरकतात ना, हेही पाहावे.

मॅग्नेटोचे चक्र हातोडीने ठोकून काढू नये. पुलर वापरावा. आघाताने जुन्या चुंबकाचा जोर कमी होतो आणि मग सर्व काही नवे घालूनही ठिणगी फिकीच राहते.

आणखी एक धोका. वेटोळे अर्थला भिडले आहे काय, हे पाहण्यासाठी काही ठिकाणी घरच्या २३० व्होल्टवर बल्ब लावून उघड्या तारांनी तपासतात. ओलसर जमिनीवर अनवाणी बसलेल्या माणसासाठी हे मृत्यूला आमंत्रण आहे. मल्टिमीटर नसेल, तर गाडीचीच बॅटरी आणि छोटा बल्ब मालिकेत जोडून प्राथमिक तपासणी होते.

बॅटरी आणि फ्यूज

टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर हा आम्लाचा परिणाम. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने तो धुवावा, पण द्रव बॅटरीच्या आत जाता कामा नये. घरांतील पातळी डिस्टिल्ड पाण्यानेच भरावी. आम्ल पातळ करण्याची वेळ आलीच, तर आम्ल पाण्यात घालावे. पाणी आम्लात कधीही नाही, ते उसळून डोळ्यांत उडते. चार्जिंग होताना हायड्रोजन वायू निघतो. त्या खोलीत काडी ओढू नये.

मेलेली बॅटरी फोडून शिसे वितळवणे हा धंदा काही ठिकाणी चालतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि ते कपड्यांबरोबर घरी येते. २००१ च्या व नंतर २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी विक्रेत्यामार्फत किंवा नोंदणीकृत केंद्रामार्फत परत जाणे अपेक्षित आहे. बॅटरीला हात लावल्यावर भाकरीला हात लावण्यापूर्वी साबण लावावा.

फ्यूज जळला की त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद घालणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. फ्यूज जळतो तो गाडी वाचावी म्हणून. त्याला न जळण्याची सोय केली, तर त्याच्याऐवजी वायरिंग जळते, आणि वायरिंगच्या वर पेट्रोलची टाकी असते.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याचा हिशेब

मामांनी एकदा विचारले, "हा खर्च तू कोणत्या खात्यात मांडशील?" प्रश्न चांगला होता. समजा, कोणी धंद्यासाठी १८,००० रुपयांना जुनी येझदी घेतली आणि ती चालू स्थितीत आणण्यासाठी ४,००० रुपये खर्च केले. हे ४,००० भांडवली खर्चात जातात व गाडीची किंमत २२,००० मांडली जाते, कारण त्यांच्याशिवाय मालमत्ता वापरायोग्य झालीच नसती. पुढे दर पावसाळ्यानंतर होणारी स्वच्छता, नवा प्लग, नवे ब्रश हा महसुली खर्च. तो त्या-त्या वर्षाच्या नफ्यातून जातो.

दुसरा हिशेब निवडीचा. समजा, आर्मेचर पुन्हा गुंडाळायला १,५०० रुपये लागतात आणि ते पाच वर्षे चालते. भंगारातील जुने आर्मेचर ६०० रुपयांना मिळते आणि एक वर्ष चालते. पहिल्याचा वार्षिक भार ३०० रुपये, दुसऱ्याचा ६००. गिऱ्हाईक मात्र पुष्कळदा दुसरेच घेते. ते अडाणी असते म्हणून नव्हे, तर कपाशी बाजारात जाईपर्यंत त्याच्याकडे १,५०० रुपये एकदम नसतात म्हणून. मामा अशा गिऱ्हाइकाला आर्मेचर गुंडाळून देतात आणि पैसे हप्त्याने घेतात. वहीत ती येणी मीच लिहितो. बुडालेली येणी आहेत, पण थोडी. आमच्या पाठ्यपुस्तकात ज्याला पत म्हणतात, ती मला या वहीत दिसली.

आपल्या कॉलेजच्या सायकल स्टँडवर अशा कितीतरी जुन्या गाड्या उभ्या असतात. कोणाच्या वडिलांच्या, कोणाच्या काकांच्या. दिवाळीच्या सुट्टीत पावसाळ्याचा कीट निघण्याजोगा असतो. बॅटरीची अर्थ सोडवा, हेडलाईटची काच उघडा, तिच्यामागचे जोड आणि अर्थचा स्क्रू घासून घट्ट करा, फ्यूज योग्य अँपिअरचा आहे ना ते पाहा. खर्च जवळपास शून्य आहे. कन्नड विभागातील मित्रांनी हवे असल्यास विचारावे. प्लग, पॉईंट, कॉईल हे शब्द दोन्ही भाषांच्या गॅरेजमध्ये तेच आहेत, भाषांतराची अडचण येणार नाही.