रक्ताभिसरणाचा पाठ : कर्नाळ्याच्या चढावर

रक्ताभिसरणाचा पाठ बहुधा तक्त्यावरून शिकविला जातो. तक्त्यात हृदयाची एक बाजू तांबडी व दुसरी निळी रंगविलेली असल्याने शरीरात निळे रक्तही असते, अशी पुष्कळ मुलांची समजूत होते. वस्तुतः रक्त सर्वत्र तांबडेच. प्राणवायू कमी झाला की ते काळसर दिसते, इतकेच. म्हणून पाठाचा आरंभ तक्त्यावरून न करता मुलाच्या मनगटावरून करावा.

पनवेल परिसरातील शाळांस कर्नाळा किल्ल्याची सहल यासाठी उत्तम साधन होय. पायथ्याशी मुलांना थोडा वेळ स्वस्थ बसवावे. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी व मधले बोट ठेवून नाडी शोधावयास सांगावे. त्यासाठी अंगठा वापरू नये. त्याच्या स्वतःच्या ठोक्यांमुळे मोजणी चुकते. अर्ध्या मिनिटाचे ठोके मोजून दुप्पट करावेत. गडाचा सुळका गाठताच पुन्हा, आणि दहा मिनिटांच्या विसाव्यानंतर तिसऱ्यांदा मोजणी करावी. तिन्ही आकडे वहीत लिहावेत.

नाडी का वाढली, हे मुलेच विचारतील. चढताना पायांच्या स्नायूंस अधिक प्राणवायू लागतो. तो पोचविणाऱ्या रक्ताचा वेग हृदय वाढविते. आता मार्ग सांगावा. डाव्या निलयातून रक्त महारोहिणीत, रोहिण्यांतून सूक्ष्म केशवाहिन्यांत, तेथून नीलांवाटे उजव्या अलिंदात येते. उजवा निलय ते फुफ्फुसांकडे ढकलतो. प्राणवायू घेऊन ते डाव्या अलिंदात परतते व डाव्या निलयात उतरते. झडपांमुळे ते मागे फिरत नाही.

पुढे गणित घालावे. प्रौढाचे हृदय विश्रांतीत एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटास ७२ ठोके धरल्यास हे ५,०४० मिलिलिटर, म्हणजे तासाला ३०० लिटर होते. १५ लिटरच्या वीस घागरी भरतील! शरीरात तर रक्त जेमतेम ५ लिटर. मग इतके येते कोठून? तेच रक्त पुनःपुन्हा फिरते, हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. इंग्लंडचे वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ साली अशाच हिशेबाच्या आधारे रक्ताभिसरण सिद्ध केले. केशवाहिन्या त्यांना दिसल्या नव्हत्या. त्या १६६१ साली इटलीच्या माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

तिसऱ्या आकड्याकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. विसाव्यानंतर बहुतेकांची नाडी बरीच उतरते. परंतु एखादे मूल थोड्याशा चढानेही वारंवार धापा टाकते, त्याचे ओठ निळसर होतात, छातीत दुखते वा घेरी येते. अशा मुलास आळशी म्हणू नये. त्यास तेथेच बसवून सोबत थांबावे, तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी व पालकांस कळवावे. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. वेळीच डॉक्टरांकडे पोचविणे हे मात्र आहे. २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या हृदयदोषांचीही तपासणी होते. पथकास अशा मुलाची नोंद आवर्जून दाखवावी. हृदयविकार ठाऊक असलेल्या मुलास चढावयास न लावता, एका शिक्षकासह पायथ्याशी बसवून पहिल्या मोजणीचे घड्याळ त्याच्या हाती द्यावे. तोही पाठात सहभागी होईल.