रुग्णाशी बोलताना

दवाखान्याच्या रांगेत साठीच्या बाईंना विशीतला कर्मचारी सहज म्हणतो, "ए मावशी, तुला नाही कळायचं. बरोबर कोण आलंय त्याला बोलाव." तो रागावलेला नसतो. ‘मावशी’ म्हटले, म्हणजे आपुलकी दाखवली असेच त्याला वाटते. मागच्या बाई मात्र ‘मॅडम’ असतात, त्यांना अहो-जाहो मिळते. ‘तू’ कोणाला आणि ‘तुम्ही’ कोणाला, हे कपडे, वस्ती आणि आडनाव पाहून ठरते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

याचा परिणाम थेट प्रकृतीवर होतो. मान खाली घालून ऐकणारा माणूस प्रश्न विचारत नाही. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे न विचारताच घरी येतो आणि पुढच्या तारखेला जातच नाही. क्षयरोगाचे औषध मध्येच सुटलेल्या रुग्णाला सरकारी कागदांत पूर्वी ‘डिफॉल्टर’ म्हणत, जणू त्याने कर्जाचे हप्ते बुडवले! जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आपल्या व्याख्यांतून हा शब्द काढला. औषध का सुटले? मजुरीसाठी गाव सोडावे लागले, गोळ्यांनी उलट्या झाल्या, केंद्रावर कोणी टाकून बोलले. एका शब्दाने हे सारे झाकून दोष रुग्णाच्या माथी मारला जात होता.

गोड शब्दही कमी लेखतात. १९३८ साली मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालायचे ठरले, तेव्हा बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांनी विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. ज्यांचे नाव ठेवायचे त्यांना विचारलेच नव्हते. आज ‘दिव्यांग’ म्हणायचे आणि दवाखान्याच्या पायऱ्यांना उतार करायचा नाही, हे त्याच जातीचे वाटते.

पण बोट फक्त दवाखान्याकडे कशाला? आपल्या वस्तीतही ‘बिचारा’, ‘मेंटल’, ‘महारोगी’ हे शब्द सर्रास चालतात. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. तरी या शब्दाच्या धाकाने अंगावरचा बधिर चट्टा लपवला जातो आणि बोटे वाकल्यावर तपासणी होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये सुप्रबुद्धाची कथा आहे. तो कुष्ठरोगी होता. गर्दी पाहून काही खायला मिळेल या आशेने आला होता. तथागतांनी त्याच्याकडे धम्म समजू शकणारा माणूस म्हणून पाहिले आणि त्याला धम्म सांगितला. ‘याला काय कळणार’ हा विचार तेथे नव्हता.

घरात आपण काय करतो ते पाहावे. आजोबा समोर बसलेले असताना सुनेला विचारतो, "यांनी गोळी घेतली का?" हे आजोबांनाच विचारावे. ऐकू कमी येत असेल तर समोर बसून सावकाश बोलावे. ओरडू नये, लहान मुलासारखे बोबडेही बोलू नये. आणि डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. उत्तर समजले नाही तर "पुन्हा सांगा, मला समजेल असं सांगा," एवढे रुग्णाने स्वतः म्हणावे. सोबत गेलेल्याने तोवर गप्प बसावे.