आरएक्स १०० घ्यायचीच असेल तर...

आपल्या पार्किंगमध्ये कितीही नव्या गाड्या लागू देत, एका गाडीला किक बसली की तिसऱ्या मजल्यावरचा माणूससुद्धा सबमिशन बाजूला ठेवून गॅलरीत येतो. यामाहा आरएक्स १००! एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ साली ही गाडी भारतात आणली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. आता हिशेब करा. आज रस्त्यावर असलेली सर्वांत तरुण आरएक्ससुद्धा फायनल इयरच्या पोरांपेक्षा वयाने मोठी आहे. म्हणजे जी गाडी तुम्ही घ्याल ती सेकंड हँड नाही, चौथ्या-पाचव्या हाताची असणार. हौस जरूर करा, पण आय.सी. इंजिनच्या पेपरपुरतं पाठ केलेलं टू स्ट्रोक इथे खरोखर वापरावं लागतं. नाहीतर पैसेही जातात आणि पिस्टनही.

पण इंजिनाच्या आधी कागदपत्रं.

हॉस्टेलमध्ये गाडी विकण्याची आपली पद्धत सर्वांना ठाऊक आहे. फायनल इयरचा सिनिअर जाताना कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून देतो आणि आपल्या गावी निघून जातो. ज्युनिअर दोन वर्षं गाडी फिरवतो आणि तेच फॉर्म पुढच्याच्या हातात ठेवतो. आरसी बुकावर नाव मात्र अजून त्या सिनिअरच्याही आधीच्या कुणा काकांचं! हे सगळं अपघात होईपर्यंत छान चालतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका अनेक हातांतून फिरलेल्या गाडीच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे गाडी विकून चार वर्षं झालेला माणूस कोर्टात उभा राहतो, आणि ज्याने चालवली तो तर अडकतोच. त्यामुळे हे विकणाऱ्या सिनिअर मंडळींनाही सांगणं आहे बरं का! फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं भरल्याशिवाय चावी देऊ नका. एकाच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी रिपासिंग. १९९५ ची गाडी २०१० ला पहिल्यांदा, मग २०१५, २०२० आणि २०२५. आरसीवर ही मुदत पाहा. 'पासिंग काय, करून देतो की' या शब्दावर एक रुपया देऊ नका. रिपासिंगचं शुल्क २०२२ पासून बरंच वाढलं आहे, त्यात पर्यावरण कर आणि नवीन पद्धतीची नंबर प्लेट धरा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. मग चासीवरचा आणि इंजिनवरचा ठोकलेला नंबर टॉर्च लावून स्वतः वाचा. नंबरभोवती घासल्याच्या खुणा असतील किंवा आकडे एका ओळीत नसतील, तर चहा पिऊन परत या.

आता गाडी. आपल्याला शिकवलेलं आठवा. फोर स्ट्रोकमध्ये क्रँक केस म्हणजे नुसतं ऑइलचं भांडं. टू स्ट्रोकमध्ये तोच पंप आहे. पिस्टन वर गेला की खालच्या पोकळीत हवा-पेट्रोलचं मिश्रण रीड व्हॉल्व्हमधून ओढलं जातं, खाली आला की ते ट्रान्सफर पोर्टमधून वर ढकललं जातं. ७५०० आरपीएमला हे सेकंदाला १२५ वेळा घडतं. पंप गळका असेल तर काय होईल ते सांगायला प्रोफेसर नको. क्रँकच्या दोन टोकांना दोन रबरी ऑइल सील असतात, आणि बाजारात विकायला आलेल्या आरएक्सच्या निम्म्या तक्रारी या दोन सीलमधून निघतात असं माझं मत आहे. गंमत अशी की दोघांची लक्षणं उलटी.

डाव्या बाजूचं, मॅग्नेटकडचं सील गेलं तर इंजिन तिथून फुकटची हवा ओढतं. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. गाडी उभी असताना रेस दिली आणि सोडली, तर आवाज झटकन खाली न येता वरच रेंगाळतो. नवख्याला वाटतं काय पिकअप आहे! प्रत्यक्षात पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो, पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी पडतं आणि एक दिवस हायवेवर पिस्टन पकडतो. मागचं चाक जागेवर लॉक. त्या क्षणी क्लच दाबायचं सुचलं तर सुचलं. उजवीकडचं, क्लचकडचं सील गेलं तर गिअरबॉक्समधलं ऑइल सिलिंडरमध्ये ओढलं जातं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी दर आठवड्याला कमी होते. सकाळच्या पहिल्या किकला थोडा धूर हा टू स्ट्रोकचा धर्म आहे, त्याला घाबरू नका.

म्हणून गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, की इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर सिलिंडरच्या फिनला हात लावा. कोमट लागली तर समजून जा. मग मॅग्नेटचं कव्हर उघडून मॅग्नेट हाताने वर-खाली हलवा. गोल फिरायलाच हवा, पण वर-खाली खटका लागला तर क्रँकची बेअरिंग गेली. हे काम मोठं आहे, कारण त्यासाठी इंजिन पूर्ण खोलून क्रँक केसचे दोन भाग वेगळे करावे लागतात. किंमत ठरवताना हे बोलून दाखवा.

दुसरा प्रश्न विचारा, बोअर कितवा? मूळ बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी. सिलिंडर झिजला की लेथवाला पाव मिलिमीटरने बोअर वाढवतो आणि त्या मापाचा पिस्टन बसतो. हेड काढलं की पिस्टनच्या माथ्यावर बहुधा आकडा कोरलेला दिसतो, ५० म्हणजे अर्धा मिलिमीटर, १०० म्हणजे पूर्ण एक. काही विक्रेते 'मोठा बोअर, जास्त पॉवर' असं सांगतात. गणित करा ना! ५१ मिमी धरून १०२ सीसी होतात, म्हणजे जेमतेम चार टक्के वाढ. उलट पुढच्या झिजेला जागा उरत नाही, नवा स्लीव्ह किंवा नवा सिलिंडर पाहावा लागतो. बाकी ब्रेक शू, हँडलचे कोन, फोर्कची ऑइल सील हे सगळं झिजलेलंच असणार आणि ते सगळं मिळतं. पेंट बघून भुलू नका, तो सर्वांत स्वस्त.

गाडी घरी, म्हणजे हॉस्टेलवर, आली की सगळ्यात आधी काय करावंसं वाटतं? सायलेन्सर कापायचा आणि एअर फिल्टर काढून टाकायचा. इथेच मी हात जोडतो. टू स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे धूर बाहेर टाकायची नळी नव्हे. त्याच्या रुंद आणि पुन्हा अरुंद होत जाणाऱ्या पोटातून दाबाची लाट परत फिरते आणि एक्झॉस्ट पोर्टमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या इंजिनिअरने १९५० च्या दशकात रेसिंगच्या गाड्यांवर हे तंत्र पक्कं केलं. १९६१ साली त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पळून गेला आणि ते ज्ञान सुझुकीकडे पोचलं! एवढ्या उलाढालीनंतर जमलेल्या लांबी-रुंदीवर आपण हॅकसॉ चालवतो. आवाज वाढतो, खालच्या आरपीएमची ताकद जाते, दंडाला निमंत्रण ते वेगळंच. आणि रेक्टर सरांची झोप हाही एक मुद्दा आहे. एअर फिल्टर काढला तर मिश्रण पुन्हा पातळ, शिवाय आपल्याकडची धूळ थेट बोअरमध्ये. मूळचा फिल्टर, मूळचा सायलेन्सर, मूळ मापाचे जेट, इथूनच सेटिंगची सुरुवात करा.

आजच्या काळात एक मुद्दा नवीन आहे. पंपावर मिळणारं पेट्रोल आता ई-२० असतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई-२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे १९८५ च्या हिशेबाचा कार्बोरेटर कशालाही हात न लावता सुमारे आठ टक्के पातळ झाला. नव्या गाडीचा सेन्सर हे सांभाळून घेतो, आपल्या गाडीला सेन्सर नाही. मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा आणि प्लग वाचा. चौथ्या गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर जोरात चालवून, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढा. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर उत्तम, पांढरं म्हणजे पातळ, काळं ओलं म्हणजे जाड. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे रबर पार्ट नवे टाका, इथेनॉलने जुनं रबर फुगतं.

ऑइल पंप चालू आहे का बंद करून टाकलाय, हे मिस्त्रीला न विचारता स्वतः पाहा. यामाहाची ऑटोल्युब पद्धत चांगली आहे, थ्रॉटल आणि आरपीएमनुसार ऑइल देते. पण ऑइलची टाकी एकदा कोरडी पडली की पाइपात हवा अडकते, ती काढल्याशिवाय पंपावर भरवसा नको. पंप बंदच असेल तर पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळा, लिटरला ३० ते ४० मिली. अशी गाडी घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण मिटून गिअरवर सोडू नका. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद आणि पिस्टन मात्र कोरडा धावतोय. मधूनमधून क्लच दाबून जराशी रेस द्या.

नवा बोअर मारला असेल तर पहिले ५०० किलोमीटर थ्रॉटल अर्ध्याच्या वर नको, सलग एकाच वेगाने लांबवर चालवायची नाही, आणि दोस्ताला 'एक राउंड' द्यायची नाही. दिवाळीच्या सुट्टीत किंवा पीएलला गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि ते पाणी टाकीच्या तळाला साठून गंज धरतं. टाकी शक्यतो रिकामी करून ठेवा. काढलेलं पेट्रोल रूममध्ये कॉटखाली ठेवू नका, रूममेट सिगारेट पितो की नाही हे तुम्हाला माहीत असेलच.